लेकरांसाठी सनस्क्रीन: स्प्रे की लोशन?

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा चार वर्षांच्या पोराला शेतात न्यायचं तर काहीतरी चोपडावंच लागतं. स्प्रे झटपट, पोरगं पळत असलं तरी फवारता येतो. पण डब्यातला द्रव बाहेर ढकलतो तो बहुधा ब्युटेन, आयसोब्युटेन, प्रोपेन, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरातलाच गॅस! कातडीवरून तो क्षणात उडून जातो. खरी भीती श्वासाची: तोंडासमोर मारलेला फवारा लेकरू सरळ आत ओढतं. चुलीजवळ तर नकोच. डबा ५० अंशांच्या वर तापू देऊ नका, असं त्यावर लिहिलेलं असतं. आपल्याकडे उन्हात उभी गाडी आतून तेवढी सहज तापते. २०२१ मध्ये अमेरिकेत काही सनस्क्रीन स्प्रे बेन्झीन हे कर्करोगाला कारण ठरणारं रसायन सापडल्यामुळे परत मागवले गेले होते.

लोशन चिकट, पोरं कुरकुरतात, वर धूळ बसते. तरी गॅस नाही, आणि किती लावलं ते दिसतं. मी लोशनच घेते. घरात स्प्रे असेलच तर उघड्यावर, आधी स्वतःच्या तळहातावर, मग त्याच्या गालांना. सहा महिन्यांखालच्या बाळाला दोन्ही नकोत. टोपरं आणि निंबाची सावली.