‘मस्यू लाझार’ की ‘मॉमी’: क्वेबेकचा एकच सिनेमा बघायचा असेल तर

कॅनडातल्या फ्रेंच सिनेमाची सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की हीच दोन नावं पुढे येतात. दोन्ही क्वेबेकचे, म्हणजे कॅनडाच्या फ्रेंचभाषक प्रांतातले, दोन्हींत गोष्टीपेक्षा माणसं मोठी आणि दोन्हींत एक बिथरलेला मुलगा. म्हणून लोक दोन्ही एका दमात सुचवतात, आणि तिथेच घोटाळा होतो. ज्याला पहिला मनापासून आवडतो, तो दुसऱ्याच्या चाळिसाव्या मिनिटाला उठून जाऊ शकतो. आमच्या घरात हे घडलंय.

फिलिप फालार्दोचा ‘मस्यू लाझार’ २०११ चा. माँट्रियलमधली प्राथमिक शाळा, हिवाळा. दुधाचे कार्टन आणायची पाळी सिमोनची असते. तो वर्गाच्या दाराशी येतो आणि काचेतून त्याला बाई दिसतात, गळफास घेतलेल्या. (ज्यांना हा विषय सोसणार नाही त्यांनी इथेच थांबावं, कारण हे पहिल्या काही मिनिटांतच येतं.) शाळा भिंतींना नवा रंग देते, मानसोपचारतज्ज्ञ बोलावते. मग पेपरात बातमी वाचून बशीर लाझार नावाचा अल्जीरियन माणूस थेट मुख्याध्यापिकेकडे येतो आणि म्हणतो, मी शिकवतो. अर्धवर्तुळात मांडलेली बाकं तो सरळ रांगेत लावतो आणि दहा-अकरा वर्षांच्या पोरांना एकोणिसाव्या शतकातल्या बाल्झाक या कादंबरीकाराचं शुद्धलेखन घालतो. आपल्याला यात फारसं काही खटकत नाही; आपल्या पिढीने बाकं रांगेतच पाहिली. त्या मुलांना मात्र हा माणूस म्युझियममधून उठून आल्यासारखा वाटतो.

त्या शाळेत एक नियम आहे: मुलांना हात लावायचा नाही. मारायचं नाहीच, पण पाठीवरून हातही फिरवायचा नाही. लाझार एकदा सिमोनच्या डोक्यात टपली मारतो तर केवढा गहजब होतो. आपल्याकडे ती टपली कुणी मोजलीही नसती. पण सिनेमा त्या नियमाची टिंगल करत नाही, हे मला फार आवडलं. नियम का आला तेही कळतं आणि त्यापायी शोक करणाऱ्या वर्गभर मुलांना कुणी जवळ घेऊ शकत नाही हेही दिसतं. कुणीतरी कुणालातरी जवळ घ्यावं, याची आपण दीड तास वाट बघत राहतो. घेतं की नाही, ते सांगत नाही.

झाविए दोलानचा ‘मॉमी’ (२०१४) याच्या बरोबर उलट्या टोकाला. इथे सगळे सतत एकमेकांच्या अंगावर असतात. डाय ही नवरा गेलेली, तोंडाने फटकळ आई. स्टीव्ह हा तिचा पंधरा वर्षांचा मुलगा, प्रचंड अस्थिर, आग लावली म्हणून संस्थेतून हाकललेला. तो आईला ‘मॉमी’ लिहिलेली गळ्यातली साखळी आणून देतो. ती विचारते, चोरलीस का? पुढच्या काही क्षणांत त्याचे हात तिच्या गळ्यावर असतात. हा प्रसंग बघताना मी खुर्चीत मागे सरकलो होतो. आणि याच मुलाबरोबर थोड्या वेळाने आपण स्वयंपाकघरात सेलिन दियोंच्या गाण्यावर नाचायला लागतो, हेच दोलानचं कसब. समोर राहणारी कायला शिक्षिका आहे, रजेवर, बोलताना अडखळणारी. ती का अडखळते हे सिनेमा स्पष्ट सांगत नाही. सुझान क्लेमाँने ती अशी केली आहे की मला तरी सगळ्यांत जास्त तीच लक्षात राहिली, आन दॉर्व्हालची डाय इतकी जबरदस्त असूनही.

‘मॉमी’बद्दलच्या तक्रारी ठरलेल्या. आरडाओरडा फार. सव्वादोन तास लांब. गाणी म्युझिक व्हिडिओसारखी. आणि पडदा चौकोनी: जवळजवळ सगळा सिनेमा एकास एक चौकटीत आहे, दोन्ही बाजूंना काळं. टीव्हीची सेटिंग बिघडलेली नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्या चौकटीत एका वेळी एकच चेहरा नीट मावतो, त्यामुळे घुसमट होते आणि ती व्हावी म्हणूनच आहे. मध्ये एकदा स्टीव्ह त्या चौकटीचं काय करतो ते थिएटरात बघितलेले लोक अजून सांगतात. मोबाइलवर ती गंमत अर्धी मरते. लांबीची तक्रार मात्र मला पटते. शेवटाकडे वीसेक मिनिटं सहज कापता आली असती.

‘लाझार’वरचे आक्षेप हळू आवाजातले. मुलं वयाच्या मानाने फार शहाणी बोलतात, विशेषतः सोफी नेलिसची अ‍ॅलिस. अल्जीरियात लाझारच्या कुटुंबाचं काय झालं ते निर्वासित म्हणून चाललेल्या सुनावणीत कळतं, आणि तो भाग घाईत उरकल्यासारखा वाटतो. मूळ नाटक एकपात्री होतं, एव्हलिन द ला शनेलियेरचं. तिथे हा माणूस एकटाच रंगमंचावर होता. सिनेमात वर्गाने त्याची जागा घेतली, तेव्हा हे होणारच. पण लाझारचं काम करणारा फेलाग ही पोकळी चेहऱ्यावर सांभाळतो. मुळात तो विनोदी कलावंत, स्वतःही नव्वदच्या दशकात अल्जीरिया सोडून बाहेर पडलेला.

बक्षिसांवरून ठरवणार असाल तर काही हाती लागणार नाही. ‘लाझार’ला ऑस्करचं नामांकन मिळालं, ‘मॉमी’ला कान चित्रपट महोत्सवात ज्युरी पारितोषिक, तेही बुजुर्ग दिग्दर्शक गोदारच्या सिनेमाबरोबर विभागून. तेव्हा दोलान पंचविशीचा होता.

भाषेचा मुद्दा फ्रेंच शिकणाऱ्यांसाठी. लाझारचं फ्रेंच पुस्तकी, स्वच्छ, कान देऊन ऐकलं तर बरंच कळतं. ‘मॉमी’त कामगार वस्तीतलं ज्वाल, म्हणजे क्वेबेकचं बोलीतलं फ्रेंच आहे, शिव्यांसकट. पाठ्यपुस्तकातलं मराठी शिकून कुणी थेट मालवणी बाजारात उभं राहावं तशी गत होते. सबटायटल्सना पर्याय नाही.

तर घरात आईवडील असतील, शाळकरी मुलांचे पालक असाल, किंवा कुणाचं तरी जाणं अजून ताजं असेल आणि तरी त्याबद्दल काही बघावंसं वाटत असेल, तर ‘लाझार’ लावा. दीड तासात संपतो. ‘मॉमी’ एकट्याने, रात्री, मोठ्या पडद्यावर. घरात असा मुलगा असलेल्या माझ्या एका मैत्रिणीला मी तो न सांगता-सवरता सुचवला होता. तिने दोन दिवस फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, त्या कायलाचं पुढे काय झालं असेल रे?