एका दमात दोनशे किलोहर्ट्झ, की चार कप्प्यांत?

हॅम रेडिओच्या चाळीस मीटर बँडचा घरगुती रिग (सेट) बांधताय, क्रिस्टल फिल्टर १२ मेगाहर्ट्झचा आहे आणि गँग कंडेन्सरऐवजी व्हीएफओ (फ्रिक्वेन्सी बदलता येणारा ऑसिलेटर) व्हॅरॅक्टरने, म्हणजे व्होल्टेजप्रमाणे कपॅसिटी बदलणाऱ्या डायोडने, फिरवायचा ठरलाय, असं धरून चालतो. म्हणजे व्हीएफओ ४.८ ते ५.० मेगाहर्ट्झ आणि आपल्याकडचा ७.० ते ७.२ चा सगळा बँड. 'एसआय५३५१ (फ्रिक्वेन्सी तयार करणारी डिजिटल चिप) लावा आणि मोकळे व्हा' हा सल्ला मलाही मिळाला. चुकीचा नाही. अशर फरहान यांच्या बिटएक्स४० या चाळीस मीटरच्या रिगमध्येही सुरुवातीला व्हॅरॅक्टरचाच व्हीएफओ होता, राडुइनो हा डिजिटल व्हीएफओ बोर्ड नंतर आला. पण ज्यांना पॉटच (नॉबचा बदलता रेझिस्टर) फिरवायचाय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माझी सुरुवात सगळ्यांसारखीच झाली. १एन४००७ चे सहा डायोड, पाठीला पाठ लावून तीन जोड्या, पॉटवरून १ ते ९ व्होल्ट. पल्ला बरोबर दोनशे किलोहर्ट्झ आला, म्हणून खूश झालो. मग ऐकायला बसलो. साध्या जंक्शनची कपॅसिटी व्होल्टेजच्या वर्गमुळाने घटते, त्यामुळे निम्मा बँड १ वरून २.७ व्होल्टवर येईपर्यंतच संपतो. खालच्या टोकाला व्होल्टमागे शंभर किलोहर्ट्झ, वरच्या टोकाला जेमतेम साडेसात. व्हीएफओ उलटा चालत असल्याने (तो ४.८ ला उतरतो तेव्हा रिग ७.२ ला चढतो) ही गर्दी नेमकी ७.२ च्या बाजूला. तिथे नॉब एक अंश हलला की तीन किलोहर्ट्झ, म्हणजे बोलणारा माणूसच गायब.

यातून दोन वाटा निघतात. मी दोन्ही करून पाहिल्या.

पहिली वाट हायपरअ‍ॅब्रप्ट डायोडची, म्हणजे ज्याची कपॅसिटी साध्या जंक्शनपेक्षा झपाट्याने उतरते. बीबी११२ घ्या. १ व्होल्टला पाचशे पीएफच्या आसपास, साडेआठ व्होल्टपर्यंत अठरा पटीहून जास्त उतरतो. तो थेट टँकवर (ऑसिलेटरच्या कॉइल-कपॅसिटरच्या जोडीवर) लावला तर बँड सोडून कुठल्या कुठे जाईल. म्हणून सिरीजमध्ये ४७ पीएफ. हा छोटा कपॅसिटर दोन कामं करतो: पल्ला पंचवीसेक पीएफवर आणतो, आणि कमी व्होल्टला डायोड फुगलेला असताना त्याला दाबून धरतो. तिथली गर्दी मोडते. माझ्या डायलवर दहा-दहा किलोहर्ट्झच्या खुणा पेन्सिलीने केल्या, तर दोन्ही टोकं सोडून अंतरं जवळपास सारखी पडली. एकच नॉब, एकच डायल. कोणी म्हणालं '७.१६० ला या', तर सरळ जायचं. चित्र म्हणून याहून देखणा व्हीएफओ मी केलेला नाही.

फक्त डायोड मिळायला हवा. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या पाचांपैकी दोन भलत्याच कपॅसिटीचे निघाले. तेवढं मी सोडून देतो.

सोडता आलं नाही ते पंख्याचं. सोलापुरात मे महिन्यात पंखा बंद करून बसणं म्हणजे प्रायश्चित्त. लाईट गेली की रिग बॅटरीवर चालू राहतो, खोली तापते. लाईट आली की पंखा सुरू, वारा डब्यावर, आणि पाच मिनिटांत पलीकडून आवाज: 'ओएम (हॅमच्या भाषेत मित्रा), फ्रिक्वेन्सीवरून सरकताय तुम्ही.' डबा झाकला, कॉइलवर मेण ओतलं, टँकमधले सगळे कपॅसिटर एनपीओ (तापमानाने न बदलणारे) केले. थोडा फरक पडला. पण सकाळच्या गप्पांत माझी ओळखच 'सरकणारे' अशी झाली.

कारण कळायला वेळ लागला, कारण मी रेघेच्या सरळपणावर खूश होतो. डायोडच्या आतलं जंक्शनचं व्होल्टेज एका अंश सेल्सिअसला साधारण दोन मिलिव्होल्टने सरकतं. बाहेरून तेवढं व्होल्टेज ढकलल्यासारखंच ते. बीबी११२ च्या सरळ रेघेचा चढ सरासरी व्होल्टमागे पंचवीस-तीस किलोहर्ट्झ, मधल्या भागात त्याहून जास्त. म्हणजे तिथे अंशाला साठ-ऐंशी हर्ट्झ. खोली पाच अंशांनी बदलली की तीन-चारशे. ९ व्होल्टच्या रेग्युलेटरची चुळबुळही त्याच चढाने गुणली जाते. रेघ सरळ केली म्हणून चढ कमी होत नाही. सगळा बँड एका फेरीत हवा असेल तर तो भरावाच लागतो.

दुसरी वाट याच्या उलटी. तेच सहा १एन४००७, पण ४ व्होल्टच्या खाली जाऊच द्यायचं नाही. ४ ते ९ मध्ये दोन टोकांच्या चढात तेरा-चौदा पटीऐवजी तिपटीचाच फरक उरतो, आणि पॉटच्या मधल्या पायापासून त्याच्या ४ व्होल्टच्या टोकाला एक रेझिस्टर लावला की तोही बराच सावरतो. पल्ला मात्र साठेक किलोहर्ट्झवर येतो. मग बँडचे चार कप्पे: चार जागांचा रोटरी स्विच, पहिली जागा रिकामी, बाकी तिन्हींवर एनपीओ आणि एकेक ट्रिमर. चढ सरासरी व्होल्टमागे बारा किलोहर्ट्झ. पंखा फिरतो, मी गप्पा मारतो. काटेकोर मोजमाप केलेलं नाही. पण गेल्या दोन उन्हाळ्यांत कोणी 'सरकताय' म्हणालं नाही, मला तेवढं मोजमाप पुरतं.

त्रास यातही आहे. डायलवर चार ओळी लिहाव्या लागतात. कपॅसिटर वाढत जातो तसा कप्पा तोकडा होतो, शेवटचा पहिल्यापेक्षा सहा-सात किलोहर्ट्झने. म्हणून सांध्यांवर दहा किलोहर्ट्झ एकमेकांवर चढवून ठेवा. स्विचच्या तारा बोटभर लांब ठेवल्यात तर टेबलावर कप आपटल्याचंही हवेत ऐकू जाईल. माझ्या सांध्यांपैकी एक ७.१०० च्या आसपास पडलाय, आणि ओळखीचे तिघे-चौघे नेमके तिथेच बसतात. स्विच आणि नॉब अशी कसरत रोज होते.

तुम्ही बँडभर भटकत ऐकणारे असाल, किंवा महाबळेश्वरला राहत असाल, तर बीबी११२ खुशाल लावा. ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी बोलायला बसत असाल, तर मी म्हणेन कप्पे करा. बीबी११२ चा बोर्ड मी मोडलेला नाही. डिसेंबरात पंख्याला हात लागत नाही, तेव्हा तो बाहेर काढून लावतो आणि महिनाभर एका नॉबवर सगळा बँड फिरतो.