२ लिटरचा फवारा पंप, ९ महिन्यांनी: माशी पानाखाली आणि पंप बघतो समोर

या पंपाच्या अभिप्रायात मी आधी पाच तारे दिले होते, मग दोन केले. आता पुन्हा लिहितोय. गेल्या रविवारी सकाळी पंपाचा दट्ट्या वर आला तो खाली जाईना. जोर लावला तर दांडीच हातात आली. ३४९ रुपयांचा पंप नऊ महिने चालला, त्यात रडायचं काय, असं घरचे म्हणतात. पण मी एसटीच्या आगारात ३१ वर्षं वायसर बदलण्यात काढलीत. बिघाड कशाने झाला ते कळल्याशिवाय मला घास गोड लागत नाही. उघडून बघितलं तर दट्ट्याच्या टोकाचं रबरी वायसर पुरीसारखं टम्म फुगलेलं. कडुलिंबाच्या तेलाने. साध्या रबराला तेल लागलं की ते फुगतं, हे आगारात पहिल्या महिन्यात शिकवतात. आणि या पंपाच्या खोक्यावर छापलंय काय, तर कडुलिंबाची डहाळी!

विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, 'तेलकट द्रावण वापरल्याने वॉरंटी लागू नाही.' मी खोक्याचा फोटो पाठवला. उत्तर आलं, 'चित्र केवळ शोभेसाठी आहे.' तिसऱ्यांदा लिहिलं तर तक्रार निकाली निघाल्याचा मेसेज आला. शेवटी इथे लातूरच्या गंजगोलाईकडच्या एका दुकानातून तेलाला टिकणारी रिंग आणली. १० रुपये. पंप चालू झाला.

पण वायसर हे माझं खरं दुखणं नाही. खरं दुखणं फेब्रुवारीपासूनचं आहे.

ज्यांच्या कुंड्यांत पांढरी माशी झालीय त्यांना वेगळं सांगायला नको. झाडाला धक्का लागला की राख उधळल्यासारखी उडते आणि आपण घरात जाऊन चहा घेईपर्यंत परत पानाच्या पाठीवर. नावाची माशी, जात मावा-तुडतुड्यांची. सोंड खुपसून रस पिते. अंडी पानाखाली घालते. पिल्लू निघालं की जरासं चालतं, मग एका जागी चिकटतं ते पंख फुटेपर्यंत हलत नाही. तिच्यावर मारायचं कडुलिंबाचं तेल काय, साबण काय, किड्याच्या अंगाला लागलं तरच काम करतं. म्हणजे सगळा कारभार पानाच्या पाठीवर, आणि आपण पानाच्या तोंडावर फवारतो. छताला जाळी लागलीय आणि आम्ही फरशी पुसतोय.

आता हा पंप बघा. नोझल पितळी आहे, तुषार बारीक येतात, खटका अडकवून ठेवता येतो, सगळं चांगलं. पण नोझल सरळ समोर बघतं. गुडघ्याएवढ्या मिरचीच्या पानाची पाठ भिजवायची तर पंप खालून वर तिरका धरावा लागतो. तिरका धरला की आतलं पाणी मागच्या कोपऱ्यात जातं, आणि पाणी ओढणारी नळी ताठ, मधोमध उभी. तिचं टोक उघडं पडतं. फुस्स. दाबलेली सगळी हवा निघून जाते, हाताला फेस येतो आणि माशी जागच्या जागी. पुन्हा वीस वेळा दट्ट्या हाणा. २६ कुंड्या आहेत माझ्याकडे. पंप गळ्यापर्यंत भरावा तर हवेला जागा राहत नाही, दाबच धरत नाही.

नळीचं एक टोक. ज्याने हा पंप काढला त्याने आयुष्यात एकदा तरी वांग्याचं पान उलटं करून बघितलं असतं तर ही चूक झाली नसती.

मग सुरुवातीला पाच तारे का दिले होते? पाण्यामुळे. जो तो सांगतो, नळी लावा, पानाखालून पाण्याचा जोरदार फवारा मारा, माशी पडते. खरं आहे, पडते. पण आम्ही लातूरकर. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर, तेव्हा आम्ही घागरी घेऊन रांगेत होतो. त्यानंतर नळी सोडून झाडं धुवायला हातच उचलत नाही. सौ. तर तांदूळ धुतलेलं पाणी कोणत्या कुंडीला पडलं याचा हिशेब ठेवते. तेव्हा सगळ्या कुंड्या ३ लिटरात भिजवणारा पंप म्हणजे मला देवच भेटला होता. आठ दिवसांत माशी थोडी कमी दिसली, दिले पाच तारे. नंतर कळलं की फक्त उडणाऱ्या कमी झाल्या होत्या, खालची पिल्लं मजेत होती.

मार्च ते मे मी ज्या चुका केल्या त्या पंपाच्या माथी मारत नाही. एक तर साबण. एक लिटर पाण्याला ५ मिली तेल, आणि ते पाण्यात मिसळावं म्हणून एक-दोन मिली साबण, इथवर सगळ्यांना माहीत असतं. मी पैसे वाचवायला कपड्याच्या वडीचा कीस विरघळवला, आणि पाणी घेतलं आरओ मशीनचं वाया जाणारं. सूनबाई ते बादलीत साठवते, फुकटचं. बोअरचे सगळे क्षार त्याच पाण्यात उरतात, हे डोक्यात आलं नाही. साबण फाटला. दह्यासारखे कण झाले, नोझल तुंबलं आणि तेल वेगळं होऊन वर तरंगलं. ते तसंच टोमॅटोवर गेलं, तेही मे महिन्यात, दुपारी चारला. दुसऱ्या दिवशी पानं भाजल्यासारखी कडेने करपली. आता ऊन उतरल्यावर फवारतो. एक तर पानं भाजत नाहीत, दुसरं म्हणजे कडुलिंबातला गुण उन्हात फार टिकत नाही. पाणी पत्र्याच्या पन्हाळीखाली साठवलेलं पावसाचं. त्यात साबणाला असा फेस येतो की बघत राहावं. आधी साबण आणि तेल घोटून घ्यायचं, मग थोडं थोडं पाणी. केलेलं तेवढं त्याच वेळी संपवायचं, उद्याला ठेवायचं नाही. थंडीत बाटलीतलं तेल तुपासारखं थिजतं, ती उन्हात ठेवली की सुटतं.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. एप्रिलमध्ये कंटाळून धाकट्या भावाकडून शेतातलं उरलेलं जहाल औषध आणलं, पायरेथ्रॉइड गटातलं, आणि वेगळ्या बाटलीतून फक्त जास्वंदीवर मारलं. पंधरा दिवस जास्वंद आरशासारखी. मग माशी आली ती दुप्पट. भावाला फोन केला तर तो हसायला लागला. "दादा, तुमचे ढालकिडे मेले की ओ. आता तिला खाणार कोण?" त्याच्या मुगावर, सोयाबीनवर हीच माशी पिवळा मोझॅक पसरवते, त्यामुळे त्याला अनुभव दांडगा. शिवाय कुंड्यांना मूठमूठ युरिया द्यायची माझी सवयही त्याने सोडवली. युरियाने पान कोवळं लुसलुशीत होतं, आणि माशीला तेच हवं असतं.

जूनमध्ये दोन तारे करून मोकळा झालो आणि पंप अडगळीत टाकला.

इथून मत बदललं. नातवाला ताप आला होता तेव्हा दवाखान्यात सलाइनच्या बाटलीकडे बघत बसलो होतो. बघता बघता लक्ष गेलं ते मऊ नळीवर. येताना मेडिकलमधून नवा कोरा सेट आणला, २५ रुपयांचा. पंपातली ताठ नळी मुळापासून चार बोटं ठेवून कापली, तिच्यावर सलाइनची नळी चढवली आणि टोकाला छोटा नट ओवला. झालं. पंप जिकडे कलेल तिकडे पाणी जातं, आणि पाण्यामागे नट घरंगळत जातो. विहिरीत गळ टाकल्यासारखा. आता पंप जवळजवळ आडवा धरला तरी धार तुटत नाही. पहिला नट लोखंडी होता. तेवीस दिवसांत गंजला आणि गंजाच्या कणांनी नोझल बसलं, म्हणून स्टीलचा टाकला.

सौ. म्हणाली, "दवाखान्यात लेकराकडं बघायचं सोडून नळी बघलालाव?" लेकरू बरं आहे, खेळतंय.

त्या दिवसापासून हिशोबच बदलला. दर सहाव्या दिवशी, संध्याकाळी, चार वेळा. एकदा मारून सोडून दिलं तर उपयोग नाही, कारण अंड्यांवर विशेष परिणाम होत नाही. ती फुटतात आणि आपल्याकडच्या उबेत तीनेक आठवड्यांत नवी फौज उभी राहते. चौथ्या फवारणीनंतर जास्वंद हलवली तर उडाल्या पाच-सहा. माशी पानांवर सोडते तो गोड चिकटा कमी झाला, त्यावर धरलेली काळी बुरशी ओल्या फडक्याने पुसली, मुंग्यांची रांग आपोआप मोडली. श्रावणातल्या उघडिपीत पुन्हा थोडी वाढली, पण दोन फवारण्यांत आवरली.

पिवळे चिकट कार्ड लावले होते. उडणारी माशी चिकटते, किती आहे ते कळतं, तेवढाच फायदा. आपल्याकडे उन्हाळ्यात आठवड्याभरात धूळ बसून कार्डाचा चिकटपणा जातो. मी पिवळ्या डब्याच्या झाकणाला एरंडेल चोपडून तेच काम फुकटात करतो.

भेंडीचं मात्र वाईट झालं. दोन रोपांच्या शिरा पिवळ्या पडल्या, हळद लावल्यासारख्या. हा विषाणू माशी पसरवते, आणि रोपात एकदा शिरला की त्याला औषध नाही. उपटून टाकली. आता परभणी क्रांतीचं बी लावलंय, आपल्या परभणीच्या विद्यापीठाने या रोगाला दाद न देणारं म्हणून काढलेलं वाण. बघू.

तर तारे किती? पंप जसा मिळतो तसा दोनच. २५ची नळी, १०ची रिंग आणि घरातला नट लावल्यावर चार. पाचवा तारा मरेपर्यंत देणार नाही, कारण नळी मऊ टाकायला त्यांना कारखान्यात रुपयाही जास्त पडला नसता.

सध्या गल्लीतले तीन पंप माझ्याकडे नळी बदलायला पडलेत. मजुरी घेत नाही म्हटल्यावर कोपऱ्यावरच्या काकूंनी काल वांग्याचं रोप आणून दिलं, छान टवटवीत. त्या असेपर्यंत काही बोललो नाही. त्या गेल्यावर भिंग घेऊन पान उलटं केलं. ओळीने पिल्लं चिकटलेली. रोप आता गेटच्या बाहेर, बाकीच्या कुंड्यांपासून लांब, एकटंच ठेवलंय.