एफट्रेसचा बफर: किती केबी पुरतात?

गेला दीड महिना मी चार कोरच्या एआरएम प्रोसेसरच्या एका बोर्डावर एकच दोष शोधत होते. गाणं चालू असताना पंधरा-वीस मिनिटांतून एकदा स्पीकरमधून ‘टक्’ असा आवाज यायचा. लॉगमध्ये काहीच सापडेना, म्हणून लिनक्सच्या कर्नलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, एफट्रेस लावला; आत काय काय घडतं त्याची तो नोंद ठेवतो. २००८ च्या २.६.२७ पासून तो कर्नलमध्येच आहे, आणि कर्नलच्या आत डोकावायला याच्याइतकं भरवशाचं दुसरं साधन मी वापरलेलं नाही. पण बफरचं, म्हणजे या नोंदी साठवायच्या मेमरीतल्या जागेचं, गणित आधी समजून घ्या. नाहीतर ट्रेस (नोंदींची यादी) हाती येतो आणि नेमका हवा तो भागच त्यात नसतो.

माझं तेच झालं. टास्क बदलल्याच्या आणि इंटरप्टच्या (हार्डवेअरकडून प्रोसेसरला येणाऱ्या हाकांच्या) नोंदी चालू ठेवल्या होत्या. आवाज ऐकला की ‘ट्रेसिंग_ऑन’ या फाइलमध्ये शून्य लिहून नोंदणी थांबवायची, एवढंच काम. ट्रेस उघडला तर कोर ३ वर कित्येक मिनिटांचा इतिहास आणि कोर ० वर जेमतेम दोन सेकंदांचा! माझा हात कीबोर्डवर जाईपर्यंतच तेवढा वेळ गेला होता. प्रत्येक कोरचा बफर वेगळा असतो आणि मुळात तो १४०८ केबीचा मिळतो. आमच्या बोर्डावर जवळपास सगळे इंटरप्ट कोर ० वरच येतात, त्यामुळे तो भराभर भरतो आणि जुन्या नोंदी पुसून नव्या लिहिल्या जातात. ‘पर_सीपीयू/सीपीयू०/स्टॅट्स’ उघडून ‘ओव्हररन’चा, म्हणजे पुसल्या गेलेल्या नोंदींचा, आकडा पाहिला तेव्हा उलगडा झाला. लाखांच्या घरात होता. बाकी तीन कोरवर शून्य.

त्याआधी मी बफर वाढवायला सरळ ‘बफर_साइझ_केबी’ या फाइलमध्ये १००००० लिहून पाहिलं होतं. तो आकडा एका कोरसाठी असतो, म्हणजे चारांचे मिळून ३९० एमबी, आणि बोर्डावर रॅम ५१२. कर्नलने मेमरी नाही म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे लक्षात आलं. फाइलच्या नावावरून हे कळायला हवं होतं, ही माझी खरी तक्रार आहे. एकूण किती झाले ते ‘बफर_टोटल_साइझ_केबी’ दाखवते, ती फाइल आधी बघा. स्नॅपशॉट (एका क्षणीच्या नोंदी बाजूला काढून ठेवायची सोय) वापरणार असाल तर तेवढाच आणखी एक बफर लागतो, तोही हिशोबात धरा.

मग फक्त कोर ० चा बफर ८१९२ केबी केला आणि बाकीचे होते तसेच ठेवले. दोन सेकंदांचे अकरा सेकंद झाले. दुसऱ्याच दिवशी दोष सापडला: एसडी कार्डाच्या ड्रायव्हरचं काम ऑडिओच्या थ्रेडला १४ मिलिसेकंद अडवून ठेवत होतं. दीड महिना जे दिसत नव्हतं, ते कर्नलशार्क या ट्रेस चित्ररूपात दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एका रेघेवर स्वच्छ दिसलं. त्या दुपारी फार बरं वाटलं.

बफर भरल्यावर काय करायचं ते ठरवणारं ‘ओव्हरराइट’ बंद केलं तर जुन्या नोंदी टिकतात आणि नव्या गळतात. बूटच्या वेळचा दोष असेल तर ते सोयीचं, माझ्या कामाला निरुपयोगी. टास्कच्या नावांऐवजी नुसती टिंबं दिसू लागली तर ‘सेव्ह्ड_सीएमडीलाइन्स_साइझ’ वाढवा. जुन्या कर्नलमध्ये मुळात तिथे १२८ च नावं मावायची.

कर्नल कोसळताना बफर सिरियल कन्सोलवर, म्हणजे बोर्डाला साध्या केबलने जोडलेल्या मजकुराच्या पडद्यावर, ओतायची सोय आहे, तिथे मात्र बफर लहानच हवा. सेकंदाला ११५२०० बिटच्या वेगाने जेमतेम ११ केबी बाहेर पडतात. चारही कोरचे मूळ आकाराचे बफर भरलेले असतील तर आठ मिनिटं तरी नुसतं बघत बसायचं, कारण छापील मजकूर त्याहून मोठाच होतो. म्हणून चाचणीसाठी बाहेर जाणाऱ्या बोर्डांना मी आता बूट ओळीतच ‘ट्रेस_बफ_साइझ=१२८के’ देते, आणि टेबलावरच्या बोर्डाचा कोर ० अजून ८१९२ वरच आहे.