जलरंगातले दोन मित्र, एकाच भिंतीवर

मध्य ऑस्ट्रेलियाचे निसर्गचित्रकार रेक्स बॅटरबी आणि अल्बर्ट नामाजिरा यांच्या एकेका जलरंगचित्राच्या छापील प्रतींचा संच मी एका ऑनलाइन दुकानातून मागवला. कागद जाड, खरखरीत पोताचा आणि बिनचकाकीचा असल्याने काचेमागे गेल्यावरही चित्र चमकत नाही. गुंडाळी करून पाठवल्यामुळे तो सरळ व्हायला मात्र तीन-चार दिवस वजनाखाली ठेवावा लागला.

खरी तक्रार रंगांची आहे. जलरंगात पांढरा म्हणजे न रंगवलेला कागदच असतो, आणि नामाजिरा यांच्या चित्रातील घोस्ट गम या निलगिरीसारख्या झाडाचे पांढरे खोड त्याच जोरावर उजळते. येथे छपाईचा कागद पिवळसर असल्याने ते खोड मळकट दिसते आणि मागच्या डोंगरांचा जांभळा रंग गरजेपेक्षा गडद उतरला आहे. बॅटरबी यांचे चित्र मुळातच सौम्य असल्याने त्याचे फारसे नुकसान झालेले नाही.

सोबतच्या माहितीपत्रकात दोघांना ‘गुरू आणि शिष्य’ म्हटले आहे, ते मला अपुरे वाटते. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन डावा हात जवळजवळ निकामी झालेले बॅटरबी 1936 मध्ये मध्य ऑस्ट्रेलियातील हर्मन्सबर्ग या ख्रिस्ती मिशनच्या वस्तीहून चित्रे काढण्यासाठी निघाले, तेव्हा उंट सांभाळून वाट दाखवणारे नामाजिरा होते आणि त्या मोबदल्यात त्यांना जलरंगाचे धडे मिळाले. तंत्र एकाचे असले, तरी तो प्रदेश पश्चिम अरांडा या तिथल्या आदिवासी समाजातील नामाजिरा यांचा स्वतःचा होता. मग कोण कोणाकडून शिकले, हे एका शब्दात कसे सांगणार? 1938 मध्ये मेलबर्नला नामाजिरा यांचे पहिले एकल प्रदर्शन भरले आणि त्यातली सगळी चित्रे विकली गेली. ही मैत्री 1959 मध्ये नामाजिरा यांच्या निधनापर्यंत टिकली. दोन्ही प्रती शेजारी लावल्या की हे नाते पत्रकापेक्षा अधिक स्पष्ट कळते, आणि म्हणूनच संचाची कल्पना मला आवडली.

घेण्यापूर्वी एक गोष्ट मात्र जरूर विचारावी. नामाजिरा यांच्या चित्रांचे हक्क 1983 मध्ये सरकारी विश्वस्ताने कुटुंबाला न विचारता 8,500 डॉलरना विकले होते आणि ते कुटुंबाच्या न्यासाकडे परत यायला 2017 उजाडले. या दुकानाच्या पानावर परवानगीचा उल्लेख कोठेही नाही. मी विचारणा केली आहे. उत्तर येईपर्यंत दुसरा संच मागवणार नाही.