एच-फोर वरच्या मुलांचे आईबाबा, पैसे भरायच्या आधी हे वाचा

आम्ही डॅलसजवळ राहतो, नवरा एच-वन बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, मी आणि लेक एच-फोर वर, म्हणजे त्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर. लेक सहावीत असताना पुण्याहून आलो, शाळा सगळी इथल्या पब्लिक स्कूलमध्येच झाली. 2024 च्या गणपतीत मराठी मंडळात एका गृहस्थांची ओळख झाली, कॉलेज ॲडमिशनचं काउन्सेलिंग करतात म्हणाले, आपलेच मराठी, बोलायला एकदम घरच्यासारखे. लेक तेव्हा नुकतीच बारावीत गेली होती आणि खरं सांगते, आम्ही घाबरलेलो होतो.

त्यांनी पहिल्या भेटीतच तीन गोष्टी सांगितल्या. एच-फोर ला फाफ्सा, म्हणजे कॉलेजसाठीची केंद्र सरकारची आर्थिक मदत, मिळत नाही. 21 वर्षं पूर्ण झाली की एच-फोर संपतो. आणि एच-फोर म्हणजे इंटरनॅशनल, त्यामुळे टेक्सासच्या सरकारी युनिव्हर्सिटीत आउट ऑफ स्टेट, म्हणजे बाहेरच्या मुलांची जास्तीची फी बसणार, तिथे वेळ घालवू नका. पहिल्या दोन गोष्टी अगदी खऱ्या आहेत हो, म्हणून तिसरी पण खरी असणार असं आम्ही धरून चाललो आणि तिथेच फसलो.

पॅकेज 6,500 डॉलर, झेलने थेट बँकेतून, काही लेखी नाही. 'स्कॉलरशिपसकट ॲडमिशन गॅरंटीड.' मग निबंध आला. त्यात माझ्या लेकीने सोलापूरजवळच्या एका गावात मुलींसाठी लायब्ररी काढली असं लिहिलेलं! ती सोलापूरला एकदाच गेलीये, मावसबहिणीच्या लग्नाला. ती म्हणाली आई मी हे सबमिट करणार नाही, आणि मी तिलाच समजावत बसले की अगं सर अनुभवी आहेत, सगळेच असं करतात. या गोष्टीचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं. तिने ऐकलं नाही ते बरं झालं, स्वतःचा निबंध स्वतः लिहिला, आणि सरांना न सांगता टेक्सासमधल्या दोन सरकारी युनिव्हर्सिटींचे अर्ज पण भरून ठेवले.

डिसेंबरमध्ये दुसऱ्या राज्यातल्या एका खासगी कॉलेजची ऑफर आली, वर्षाला 18,000 ची स्कॉलरशिप. सर म्हणाले लगेच 500 डिपॉझिट भरा, आय-20 (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) मागवा, मी आमच्या ॲटर्नीकडून आय-539 (व्हिसाचा प्रकार बदलायचा अर्ज) भरून एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, करून देतो, त्याचे 2,200 वेगळे. तेही दिले. नंतर कॉलेजच्या वेबसाइटवर बघितलं तर तेवढ्या जीपीएवर (शाळेतल्या गुणांवर) ती स्कॉलरशिप प्रत्येकालाच देतात.

भांडं फुटलं ते शाळेच्या काउन्सेलर बाईंमुळे. यांना व्हिसाचं काय कळणार म्हणून आम्ही त्यांना कधी विचारलंच नव्हतं. लेक त्यांच्यासमोर रडली, तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं की युनिव्हर्सिटीच्या रेसिडेन्सी ऑफिसला, म्हणजे कोणाला राज्यातलं धरायचं ते ठरवणाऱ्या ऑफिसला, स्वतः फोन करा. मी केला. पंधरा मिनिटांत कळलं की टेक्सासमध्ये एच-फोर वरच्या मुलांना डोमिसाइल, म्हणजे आपण याच राज्याचे रहिवासी आहोत हे, दाखवता येतं, आईवडील वर्षभर इथे राहून नोकरी करत असले आणि कागद असले की झालं. एफ-1 वाल्यांना मात्र ते दाखवता येत नाही! म्हणजे आम्ही पैसे देऊन स्वतःची इन-स्टेट, म्हणजे राज्यातल्या मुलांची कमी फी घालवायला निघालो होतो, ऑस्टिनची सरकारी युनिव्हर्सिटी धरली तर वर्षाला 25,000 डॉलरहून जास्त फरक. आणि एच-फोर वर कॉलेज शिकता येतं, एफ-1 ची घाई नव्हतीच, ते 21 च्या आधी करायचं. राज्याराज्यात नियम वेगळे आहेत, तेव्हा तुमच्या राज्याचं तिथल्याच ऑफिसला विचारा.

मग नवऱ्याने सरांकडे आय-539 चा रिसीट नंबर मागितला. तीन अक्षरं आणि दहा आकडे, बास एवढंच द्यायचं होतं. आज देतो उद्या देतो. बिल नीट बघितलं तर त्यात बायोमेट्रिक फी 85 डॉलर लावलेली, जी आय-539 ला ऑक्टोबर 2023 पासून लागतच नाही. अर्ज भरलाच नव्हता, ॲटर्नी कोण तेही सांगेनात. खूप ओढून धरल्यावर कबूल केलं की त्या कॉलेजकडून त्यांना दर मुलामागे कमिशन मिळतं. या धंद्यातली, म्हणजे खासगी ॲडमिशन काउन्सेलरांची, आयईसीए म्हणून संघटना आहे, तिच्या सभासदांना असं कमिशन घ्यायला बंदी आहे, हे मला तेव्हा माहीत असतं तर पहिल्याच दिवशी विचारलं असतं.

एफ-1 चा अर्ज भरला नव्हता हे आमचं नशीब. युनिव्हर्सिटीचा रेसिडेन्सीचा फॉर्म परत नीट भरला, नवऱ्याच्या पे स्लिप, घराचं लीज, व्हिसाच्या कॉपी दिल्या, तीन आठवड्यांत लेक फीपुरती टेक्सासची रेसिडेंट झाली. ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू पण झालं.

पैसे परत नाही मिळाले, एकूण 9,200. एफटीसीकडे (ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणारं केंद्राचं खातं) आणि टेक्सासच्या ॲटर्नी जनरलकडे तक्रार केलीये. या गणपतीतही मंडळात त्यांचं टेबल लागलेलं होतं, समोर बारावीतली दोन मुलं आणि त्यांचे आईवडील बसलेले. मी तिथेच त्या आईवडिलांना बाजूला घेऊन आमचं बिल दाखवलं.