पाणबुडीच्या कादंबऱ्या ई-रीडरवर, नौदलाचा इतिहास मात्र छापीलच

सोलापुरात बसून समुद्राचं कसलं वेड, असं घरचे म्हणतात. म्हणू देत. गड्डा यात्रा संपल्यापासून पाणबुड्यांच्या थरारकादंबऱ्या आणि नौदलाचा इतिहास आलटून-पालटून वाचतोय. कादंबऱ्या सहा इंची ई-रीडरवर, इतिहास कागदावर.

कादंबरीला हुतात्मा एक्स्प्रेससारखी जागा नाही. पुण्याला उतरेपर्यंत निम्मी, परतीत खल्लास. मे महिन्याच्या आपल्या उन्हातही ई-रीडरचा पडदा स्वच्छ दिसतो. तक्रार आहे ती मजकुराची. कादंबरीतले कप्तान फार ओरडतात! पाणबुडीचा जीव शांत राहण्यात असतो. समुद्रात खोलीनुसार पाण्याचं तापमान बदलतं, तिथे आवाज वळतो आणि त्या थराखाली दडलेली पाणबुडी वरच्या जहाजाच्या सोनारला, म्हणजे आवाजावरून पाण्यातलं शोधणाऱ्या यंत्राला, सहज सापडत नाही. हे समजून लिहिलेली कादंबरी असली, तर मी जेवायलाही उठत नाही.

इतिहासाचं पुस्तक हातात आलं की आधी 'गाझी'चं प्रकरण काढतो. १९७१ च्या युद्धात ही पाकिस्तानी पाणबुडी आपल्या विमानवाहू 'विक्रांत'ला शोधत विशाखापट्टणमपर्यंत आली. 'विक्रांत' तिकडे अंदमानात, आणि इकडे 'राजपूत' ही जुनी विनाशिका बिनतारी संदेश धाडून आपणच 'विक्रांत' असल्याचं भासवत होती. कादंबरीत हे वाचलं असतं तर 'काहीही हं' म्हटलं असतं. 'गाझी' बुडाली ती 'राजपूत'च्या डेप्थ चार्जमुळे, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बमुळे, असं आपलं नौदल सांगतं. पाकिस्तानला ते मान्य नाही, तिकडे अपघाती स्फोटाचं कारण देतात. दोन्ही बाजू मांडणारं पुस्तक कपाटात राहतं. एकच बाजू छातीठोकपणे सांगणारं रद्दीत नाही, पण मित्राकडे जातं.

तसंच 'खुकरी'चं. ही आपली युद्धनौका. त्याच युद्धात ९ डिसेंबरला दीवजवळ 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने ती बुडवली. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक गेले. आपल्या नौदलाच्या कराचीवरच्या हल्ल्याला अख्खं प्रकरण आणि याला दोन ओळी, असं पुस्तक मला पटत नाही.

आता छापीलच का? नकाशे. कराचीच्या मोहिमेचा दोन पानी नकाशा ई-रीडरवर मधोमध तुटतो, बोटीची वाट दाखवणारी तुटक रेघ राखाडी डागात विरते, आणि मोठा करायला जावं तर ठिकाणांची नावं पडद्याबाहेर. टळटळीत दुपारी कूलरसमोर जाडजूड पुस्तक मांडीवर पेलणं त्रासाचं आहे, किंमतही झोंबते. तरी नकाशे असलेला इतिहास कागदावरच घ्या, आणि घेण्याआधी पुस्तकाला सूची आहे का तेवढं बघा.